लाल ठिपक्याचं ताट

ताई, तू गेलीस आणि तू कशाने गेलीस हे नक्की माहीत असलेली माणसं घरात मावेनात. गव्हाणच्या तुझ्या ओटीवर सतरंजी अंथरली होती, मी भिंतीला टेकून बसले होते. येणारा प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा, मग पाण्याचा ग्लास खाली ठेवायचा आणि मग निदान सांगायचा. तिखट फार खायची. सुकी मासळी काही सुटली नाही तिची. उपास करून करून आतडी जाळली. नवरा गेला तेव्हापासून मनाला लावून घेतलं. एकीने तर माझ्या कानाशी लागून विचारलं, बाहेरचं काही होतं का, कुणाला दाखवलं होतं का? मी म्हटलं, आतलंच होतं, दुर्बिणीतून बघितलंय. ती उठून पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तू असतीस तर मला चिमटा काढला असतास आणि पदरात तोंड घालून हसली असतीस.

मग खांदा कॉलनीहून तुझी विहीण आली. रेश्माच्या सासूबाई चांगल्या आहेत, मी नाही म्हणत नाही. रेश्माच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तिला चार घास खायला लावत होत्या. पण जाता जाता शेजारणीला म्हणाल्या, "अस्वच्छता हो, दुसरं काय. खेड्यात तेव्हा कळत नव्हतं बिचाऱ्यांना." आवाजात दया होती, त्याने मला जास्त झोंबलं. रेश्मा माझ्याकडे बघत होती, मावशी आता काय बोलते म्हणून. तिच्यासाठी मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय नाही.

त्या सगळ्यांना उत्तरं देत बसणार नाही मी. खरं भांडण माझं तुझ्याशी आहे. तू ते अर्ध्यावर टाकून गेलीस, तेही तू मोठी, शेवटचा शब्द तुझा, अशा थाटात. ते मला मंजूर नाही. म्हणून लिहितेय.

तुझं पित्त मला कळायला लागल्यापासूनचं. कुठल्याही लग्नाला गेलो की तुझ्या पिशवीत आहेराच्या साडीखाली ती गुलाबी औषधाची बाटली असायचीच. जेवायच्या आधी एक झाकण, जेवल्यावर एक झाकण. "माज्या पोटात मिठागर हाय," म्हणायचीस आणि वर दुसऱ्यांदा कोळंबीचं कालवण वाढून घ्यायचीस. आम्हीही हसायचो. पोटात जळजळणं म्हणजे तुझा स्वभाव, आपल्या भावाच्या, दत्ताच्या घोरण्यासारखा, असंच धरून चाललो होतो सगळे. मग तुझ्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या आणि अर्धी भाकरीसुद्धा तुला जड व्हायला लागली, तेव्हा मी तुला धरून पनवेलला नेलं. दुर्बिणीची नळी घशात घालणार म्हटल्यावर तू तिथल्या नर्सला विचारलंस, "पयली कोनाच्या घशात घातली होती, धुतली का?" स्वच्छतेचं कळत नसलेली माझी बहीण!

रिपोर्ट आला त्या दिवशी पोटाच्या डॉक्टर बाईंनी आपल्याला समोर बसवलं. तरुण होत्या, घाई करत नव्हत्या. गाठ आहे, ती वाईट आहे, ऑपरेशन करू, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. त्यावर तुझा चेहरा हलला नाही. मग म्हणाल्या, तुमच्या पोटात एक जंतू सापडलाय, खूप वर्षांचा आहे, बहुतेक लहानपणापासूनचा. पोटातल्या ॲसिडला तो दाद देत नाही. औषध दिलं नाही तर जन्मभर राहतो. बऱ्याच जणांना त्याचा काही त्रासही होत नाही, काहींना अल्सर होतो, अगदी थोड्यांना हे होतं. 'हे' म्हणताना त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं.

"लानपनी कसा येतो?" तू विचारलंस.

"नक्की कुणाकडून आला ते सांगता येत नाही, ताई. पण घरात दाटी असते, मुलं एका अंथरुणात झोपतात, पाणी चांगलं नसतं, संडास नसतो, सगळे एका ताटात जेवतात. काही घरांत लहान मुलाला घास चावून भरवतात. अशातून एकाचा दुसऱ्याला जातो. घरातल्यांनीही तपासून घेतलेलं बरं."

बाईंनी इतक्या गोष्टी सांगितल्या आणि तू त्यातली नेमकी एक उचललीस. मी बघत होते तुझ्याकडे. गाठ ऐकताना न हललेला चेहरा त्या एका वाक्याला उतरला. तुझा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. रिक्षातून सुकापूरला माझ्या घरी येईपर्यंत तू पदर तोंडावरून काढला नाहीस. मला वाटलं धुळीमुळे.

ताई, मी सगळ्यांत धाकटी, म्हणून माझी आठवण खोटी ठरवायची तुझी जुनी खोड होती. पण हे मला आठवतं. आपल्या त्या एका खोलीच्या घरात मागच्या दाराशी तू पाय पसरून बसायचीस. बय आणि बाबा उजाडायच्या आत मिठागरावर गेलेले असायचे. तुझ्या एका मांडीला दत्ता टेकलेला, दुसऱ्या मांडीवर मी. मधे जर्मनची परात. परातीत भात, त्यावर कालवण, आणि त्यात खाडीचा जो काय मासा मिळाला असेल तो. भिंग असला तर विचारूच नको, चवीला लोणी आणि आत नुसते काटे. तू घास तोंडात घालायचीस, गाल हलायचे, डोळे कुठेतरी लांब लागायचे, जिभेने एकेक काटा ओठावर आणायचीस आणि भिंतीकडच्या पानावर टाकायचीस. मग तो मऊ घास दोन बोटांनी काढून आमच्या तोंडात. आधी दत्ता, मग मी, मग दत्ता, मग मी. आमचं पोट भरल्यावर परातीत जे उरेल ते तुझं. तू तेव्हा स्वतः दुधाचे दात पडलेली पोर होतीस. ज्या वयात माझी मुलगी डबा न संपवता परत आणायची, त्या वयात तू दोन लेकरं जेवू घालत होतीस.

आणि हे चावून भरवणं तुझ्या मनाने सुरू झालं नव्हतं. दत्ताच्या घशात एकदा काटा अडकला होता, तो निळा पडला होता, बयने त्याला उलटा धरून पाठीत धपाटे घालून तो काढला. ही गोष्ट तूच तर दर भाऊबीजेला सांगायचीस. त्या दिवसानंतर बय तुला म्हणाली, उद्यापासून चावून दे, बोटांना काटा लागत नाय, जिभेला लागतो. बयला तिच्या आयने तसंच भरवलं होतं. आपल्या आळीत सगळ्या घरांत असंच होतं. लेकरू जगवायचं तर मासा पाहिजे, माशात काटा आहे, आई मिठात उभी आहे, मग घरात जे सगळ्यांत मोठं तोंड आहे त्याने चावायचं. याला कोण अस्वच्छता म्हणतं, त्याला माझ्यासमोर आणून बसवा.

बयची भांडी आठव. राखेने घासून घासून तिने तांब्याची कडा पातळ करून टाकली होती. हंड्यावर दुहेरी फडकं बांधल्याशिवाय ती पाणी ओतायची नाही. पण पाणीच कुठलं होतं ते? उन्हाळ्यात विहीर मचूळ व्हायची. तळ्यात गुरं उतरायची. नव्या शहराकडे जाणारी मोठी पाइपलाइन आपल्याच शेताच्या बांधावरून गेली होती, तिचा नळ आपल्या वाट्याला नव्हता. तिच्या एका व्हॉल्व्हला गळती होती, खाली डबकं साचायचं, आणि अख्ख्या आळीच्या बाया त्या डबक्याशी वाटीने हंडे भरायच्या. तू मला कडेवर घेऊन रांगेत उभी राहायचीस. पुढे तिकडे इमारती झाल्या, तिथल्या लोकांना चोवीस तास पाणी आलं, आणि आता तिथल्याच एका सोसायटीतून कुणीतरी येऊन सांगतं की आम्हाला स्वच्छतेचं कळत नव्हतं. कळत होतं हो. मिळत नव्हतं.

हे सगळं मी तुला सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "पानी गावाचं. तोंड माजं."

बाईंनी सांगितलं म्हणून मी आणि दत्ताने तपासून घेतलं. तू आमच्या मागेच लागली होतीस, केमोच्या खुर्चीवर बसून फोन करायचीस, "गेलास का? गेलीस का?" दोघांचाही निकाल आला, जंतू आहे. मी तुला लपवलं नाही. लपवलं असतं तरी तू माझ्या आवाजावरून ओळखलं असतंस.

"मना माईत होतं," तू म्हणालीस. "माजाच दोगांना."

"कशावरून तुझाच? आळीतली सगळी पोरं एकमेकांच्या तोंडातली बोरं काढून खायची."

"मना नको शिकवू, नंदे."

मग माझ्या हाती हुकमाचं पान आलं. दत्ताची बायको तपासायला तयार नव्हती, पण दत्ताचा निकाल ऐकून घाबरून गेली. आपल्या वहिनी पुण्याच्या, ब्लॉकमध्ये वाढलेल्या, घरात लहानपणापासून नळ, फिल्टर, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. त्यांचाही निकाल तोच! मी इतकी खूश झाले की त्यांना धीर द्यायचं सोडून आधी तुला हॉस्पिटलात फोन लावला. म्हटलं, "वहिनींना कुणी चावून भरवलं? तू पुण्याला जाऊन आली होतीस का?" तू हसलीस. किती दिवसांनी हसलीस. पोटावर टाके होते म्हणून हसताना कळवळलीस. मला वाटलं, जिंकले. मग तू शांतपणे म्हणालीस, "दत्तानं दिला असंल तिला. आनि दत्ताला मी." तुझ्याशी वाद घालणं म्हणजे खाडीच्या चिखलात उभं राहणं, एक पाय काढावा तर दुसरा आत.

बाईंनी आम्हा सगळ्यांना गोळ्या दिल्या. तोंड कडू झालं, दोन आठवडे काही गोड लागेना, आणि जंतू गेला. तुझाही गेला. ऑपरेशननंतर तुझी पुन्हा तपासणी केली तेव्हा बाई स्वतः म्हणाल्या, आता तो नाही, तुमच्यापासून कुणाला काही व्हायची भीती नाही, नातीला खुशाल खेळवा. जंतू गेला, त्याने केलेलं नुकसान राहिलं. ते पुढे यकृतात गेलं, हाडात गेलं, आणि त्यावर कुणाकडे गोळी नव्हती.

पण त्याच्या कितीतरी आधी तू तुझं ताट वेगळं केलं होतंस.

सुकापूरच्या माझ्या घरात तू उपचारासाठी राहायला आलीस त्या आठवड्यातली गोष्ट. तू माझ्या मुलीकडे तिचं नेलपॉलिश मागितलंस. तिला गंमत वाटली, आजारपणात मावशीला नटायचं सुचतंय म्हणून. तू एक स्टीलचं ताट, एक वाटी आणि एक पेला घेऊन गॅलरीत बसलीस आणि तिन्हींच्या काठावर लाल ठिपका दिलास. वाळेपर्यंत फुंकर घालत बसलीस. मी स्वयंपाकघरातून विचारलं, काय करतेस? "खूण," तू म्हणालीस. त्या दिवसापासून तू तुझं तूच घासायचीस, वेगळ्या घासणीने, आणि सिंकच्या खाली उपडं घालायचीस, आमच्या मांडणीत नाही. केमोने हाताची साल गेली होती तरी घासायचीस. मी ते ताट उचलून वर ठेवायची, तू परत खाली. महिनोन् महिने आपण दोघी शहाण्या बाया हा खेळ खेळलो.

मी किती बोलले तुला. म्हटलं, बाई काय म्हणाल्या ऐकलं नाहीस का, जंतू गेला. म्हटलं, तो असतानासुद्धा कुणी कुणाचं ताट वेगळं करत नाही, हा काय वाळीत टाकायचा रोग आहे? तू म्हणायचीस, "माज्या मनात हाय ना तो." त्याला मी काय गोळी देणार होते?

आणि मग स्वराचं उष्टावण. त्याची आठवण आली की अजून माझी कानशिलं तापतात. रेश्माची लेक, तुझी पहिली नात, सहा महिन्यांची झाली. खांदा कॉलनीत त्यांच्या हॉलमध्ये चौरंग मांडला, खीर केली, चांदीची वाटी आणली. आपल्यात मामा भरवतो, पण रेश्माला भाऊ नाही. तिने आधीच ठरवलं होतं, पहिला घास माझी आई देईल. तुला तिने नवीन साडी नेसवून आणलं होतं, केस गेलेल्या डोक्यावरून पदर नीट बसवला होता. तू दाराजवळच्या खुर्चीवर बसलीस ती बसलीस. विहीणबाई म्हणाल्या, "त्यांना कशाला दगदग, लांबूनच आशीर्वाद द्या हं आजी." मी उठले. तू खालून माझा पदर घट्ट धरलास. तुझ्या हातात तेवढी ताकद उरली होती हे मला तेव्हा कळलं. आणि तू सगळ्यांसमोर, हसून, म्हणालीस, "बरोबर हाय त्यांचं. मी नाय भरवनार. माजं भरवून झालंय."

रेश्मा आत जाऊन रडली. घास विहीणबाईंनी भरवला. स्वरा तुझ्याकडे बघून हात पसरत होती, तू तिला लांबून टाळ्या वाजवून दाखवत होतीस.

त्या दिवसासाठी मी विहीणबाईंना माफ केलं, ताई, तुला नाही. त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तू स्वतःवर खटला भरलास, स्वतःच निकाल दिलास, आणि शिक्षा भोगली तुझ्या लेकीने आणि नातीने. हे काय मोठेपण झालं?

आपलं शेवटचं भांडण गॅलरीतच झालं. तू उन्हाला बसली होतीस, अंगावर शाल, समोर डोंगर. खाली एक बाई पोराला भरवत होती, इमारतीभोवती पळत पळत. तू बघत होतीस. मी संधी साधली. म्हटलं, "ताई, एक विचारते. तू तेव्हा चावून भरवलं नसतंस तर आम्ही काय खाल्लं असतं?"

"उपाशी नसतात मेला."

"दत्ता मेला असता. काट्याने. तूच सांगतेस."

तू शाल गळ्यापर्यंत ओढून घेतलीस.

"आणि तुला कुणी दिला? तुला बयने चावून भरवलं. मग बय वाईट?"

"बयला कशाला मधी आनतेस?" तू फटकन वळलीस. डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या. "बयनं काय केलं? ती सकालपासून मिठात उबी. तिचे पाय फाटलेले असायचे. तिनं जगवलं आपल्याला. तिला बोलशील तर बग."

"मग हेच मी तुझ्याबद्दल म्हणतेय."

तू तोंड उघडलंस काहीतरी बोलायला. तेवढ्यात तुला उमासा आला, मी भांडं आणायला धावले, आणि नंतर तू थकून झोपलीस. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. तिथे नळ्या, मास्क, भूल. तू काय बोलणार होतीस ते राहिलं. बयला माफ करायला तुला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही, आणि त्याच गुन्ह्यासाठी स्वतःला तू वर्षभर सिंकखाली उपडं घालून ठेवलंस. मला तुझं ते राहिलेलं वाक्य पाहिजे होतं, ताई. मी अजून चिडलेली आहे.

तुझं कार्य झाल्यावर रेश्मा तुझ्या वस्तू आवरत होती. तुझे कपडे, चपला, ती गुलाबी बाटली. ते ताट-वाटी-पेला मी सुकापूरहून तुझ्या सामानाबरोबर गव्हाणला पाठवले होते, तेही त्यातच. कुणीतरी म्हणालं, आजारी माणसाचं भांडं घरात ठेवू नये, देऊन टाका नाहीतर खाडीत सोडा. रेश्माने ते गाठोड्यावर ठेवलंसुद्धा. मी उचललं. सगळ्यांसमोर पदराने पुसलं आणि माझ्या पिशवीत घातलं. "मावशी, ते कशाला?" रेश्माने विचारलं. म्हटलं, माझ्या घरात एक ताट कमी आहे.

घरी आणून मी ते मांडणीत ठेवलं. मधोमध, बाकीच्या ताटांबरोबर. मुलगी म्हणाली, लाल ठिपका रिमूव्हरने जाईल, काढू का? मी नको म्हटलं. तो राहू दे. दुसऱ्या दिवसापासून मी त्यात जेवते. ज्या दिवशी हातात येईल त्या दिवशी माझी मुलगी जेवते. गेल्या आठवड्यात दत्ता आला होता, त्याला मुद्दाम त्यात वाढलं. त्याने ठिपका बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि खाली मान घालून जेवला. जेवून झाल्यावर ताट चाटून पुसून घेतलं त्याने, लहानपणी तुझी परात चाटायचा तसं.

आणि आता या रविवारचं सांगते, त्यासाठीच बसलेय.

रेश्मा स्वराला घेऊन माझ्याकडे आली. बरोबर विहीणबाईही होत्या, त्यांना सुकापूरला कुणाकडे तरी हळदीकुंकवाला जायचं होतं, म्हटलं जेवूनच जा. मी पनवेलच्या बाजारातून सकाळी भिंग आणला होता. मासेवाली म्हणाली, "कशाला घेतेस गो, पोरं खात नाय आता, काटं लागतात." म्हटलं, दे. कालवण तुझ्याच पद्धतीचं केलं, आंबोशी टाकून.

स्वरा आता धरून धरून चालते. दात आलेत. तुझ्यासारखी जिवणी आहे तिची, रुंद, आणि तुझ्यासारखाच हट्ट. तिला मांडीवर घेऊन मी खाली बसले, पाय पसरून. मांडणीतून लाल ठिपक्याचं ताट घेतलं. भात घेतला, कालवण घेतलं, माशाचा तुकडा घेतला.

विहीणबाई सोफ्यावर होत्या. त्यांनी ठिपका ओळखला. उष्टावणाच्या दिवशी तू असाच ठिपक्याचा पेला घरून घेऊन गेली होतीस, त्यांच्या पेल्यातून पाणी प्यायली नव्हतीस, ते त्यांच्या लक्षात असणारच.

"ते ताट..." त्या म्हणाल्या.

"ताईचं," मी म्हटलं. "याच पोरीच्या आजीचं. तिने मला मोठं केलं, दत्ताला मोठं केलं. तिच्यात घाण काही नव्हती, विहीणबाई. घरात जागा नव्हती, पाणी नव्हतं आणि आई कामावर होती. तरी आम्ही दोघं जिवंत आहोत."

मला वाटलं आता जुंपणार, आणि खरं सांगते, मला जुंपायला हवी होती. विहीणबाईंनी हातातली पर्स बाजूला ठेवली. मग उठल्या, आणि माझ्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसल्या.

"काटे फार असतात ह्याला," त्या म्हणाल्या. "नीट बघा हं."

मी तुकडा बोटांनी मोडला. ताई, चावला नाही, एवढं तुझं ऐकलं. हात साबणाने धुतले होते, पाणी उकळलेलं होतं, आता माझ्याकडे दोन्ही आहे. बयचं म्हणणं बरोबर होतं, बोटांना काटा पटकन लागत नाही. वेळ लागला. विहीणबाईंनी चष्मा लावला आणि मी काटे काढलेला मासा त्या पुन्हा चाचपायला लागल्या, त्यांना दोन सापडले. मग मला एक सापडला. ताटाच्या काठावर, ठिपक्याच्या शेजारी, काट्यांची ओळ झाली. स्वरा कंटाळून माझ्या मांडीवर टाचा आपटायला लागली.

शेवटी तो घास तयार झाला. मऊ, काट्याशिवाय, कालवणात भिजलेला. मी तो रेश्माच्या हातात दिला नाही, विहीणबाईंच्याही नाही. तो माझा मान होता. मी तो स्वराच्या तोंडात घातला, जसा तू माझ्या तोंडात घालायचीस तसाच, दोन बोटांनी, अंगठ्याने आत ढकलून. तिने तोंड वाकडं केलं. मग गाल हलले. डोळे कुठेतरी लांब लागले. रेश्मा तिच्याकडे बघता बघता रडायला लागली, कारण तो चेहरा तुझा होता.

"कुणाचा घास हा?" मी स्वराला विचारलं. "आजीचा. म्हण, आजीचा."

तिला कुठलं बोलता येतंय. तिने ताटाच्या काठाला धरून ते स्वतःकडे ओढलं आणि मोठा आ केला.

आता बोल, ताई.